औंधचा बिनभिंतींचा तुरुंग, आणि कच्च्या कैद्याचं काय?

आजचा भाग औंधचा. पुण्यातलं औंध नाही हं, आयटी पार्क आणि ब्रेमेन चौकवालं. हे औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. पूर्वी हे एका संस्थानाचं गाव होतं, आणि या एवढ्याशा संस्थानात गुन्हेगाराशी कसं वागायचं या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं, जवळजवळ एकाच काळात, लोक जगून बघत होते. मला ती तिन्ही उत्तरं सांगायची आहेत. आणि त्या तिघांतून निसटलेला एक माणूस आहे, त्याच्याबद्दलही बोलायचंय.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. औंध संस्थान म्हणजे सुमारे ५०० चौरस मैल आणि ७२ गावं. तेही सलग नाही. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे चार तालुके, चार दिशांना विखुरलेले. आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहेत, गुणदाळ तर पार विजापूरकडे. मध्ये मध्ये ब्रिटिशांचा मुलूख आणि दुसऱ्या संस्थानांची गावं. म्हणजे सकाळी एका राज्यातून निघालेला माणूस दुपारी दुसऱ्या राज्यात पोचायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे फरारी लोकांच्या फार उपयोगी पडणार आहे.

राजे होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. १९०९ ते संस्थान विलीन होईपर्यंत तेच. लोक त्यांना ओळखतात ते सूर्यनमस्कारांमुळे. शाळेतल्या पोरांपासून सगळ्यांना त्यांनी नमस्कार घालायला लावले. त्याशिवाय स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, आणि डोंगरावर त्यांनी उभं केलेलं संग्रहालय अजून आहे. पण आपल्या कामाची गोष्ट अशी, की १९३८ च्या शेवटी या राजाने जाहीर केलं की राज्य मी प्रजेला देऊन टाकतो. २१ जानेवारी १९३९ ला तशी घटना लागूही झाली. मसुद्याला सल्ला खुद्द गांधीजींचा. गावपंचायत खाली, तिच्यावर तालुका, तिच्यावर विधिमंडळ, आणि न्याय गावातल्या गावात, स्वस्त आणि लवकर मिळावा अशी कल्पना.

या सगळ्यात राजांचा मुलगा अप्पासाहेब पंत पुढे होता. विलायतेत शिकून बॅरिस्टर होऊन आलेला तरुण. आणि त्याच्या बरोबर एक फारच अजब माणूस: मॉरिस फ्रीडमन. वॉर्सातला पोलिश ज्यू, इंजिनियर. म्हैसूर सरकारच्या बंगळुरातल्या विजेच्या कारखान्याचं काम बघायला भारतात आला आणि इथलाच झाला. भगवी वस्त्रं घेतली, नाव घेतलं भारतानंद. (निसर्गदत्त महाराजांच्या मुंबईतल्या संवादांचं इंग्रजी पुस्तक जगभर वाचलं जातं, ते ज्याने तयार केलं तो हाच. त्याच्यावर एक वेगळा भाग करावा लागेल.)

तर या फ्रीडमनच्या डोक्यातून आलेली गोष्ट म्हणजे स्वतंत्रपूर. साल १९३९, जागा आटपाडीजवळ. माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख, खडकाळ माळ, पावसाचा भरवसा नाही. तिथे कैद्यांची वसाहत वसवायची. भिंत नाही, गज नाहीत, बंदूकवाला पहारेकरी नाही. कैद्यांनी शेती करायची, आणि बायकापोरांना बरोबर ठेवायचं. नावातच काय ते आलं. तुरुंगाला 'स्वतंत्रपूर' म्हणायला धाडस लागतं, किंवा मग चांगलाच विनोदी स्वभाव.

यामागचा विचार गांधींचा. गुन्हा हा एक आजार आहे, तुरुंग हे इस्पितळासारखं असावं, असं ते वारंवार म्हणत. आजारी माणसाला आपण झोडपत नाही, बरं करतो. मग चोराला, खुन्याला का झोडपायचं? त्याला काम द्या, जमीन द्या, त्याच्यावर विश्वास टाका. १९३९ मध्ये हे म्हणणं म्हणजे काय होतं याचा अंदाज घ्या. ब्रिटिश तुरुंगात कैदी म्हणजे नंबर, पायात बेड्या, दळण आणि दगडफोड.

ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नकळत पाहिलेली आहे. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ', १९५७ चा. सहा खुनी कैदी, एक आदर्शवादी जेलर, ओसाड जमीन. कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमा याच मातीतले, जन्म आटपाडीकडच्या शेटफळे गावचा, शिक्षण औंधात. म्हणजे त्यांनी ती कल्पना हवेतून आणलेली नव्हती. चित्रपटाला बर्लिनला पारितोषिक मिळालं, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणि माणदेशातला एक छोटासा प्रयोग जगभर गेला.

मी तो चित्रपट तीनदा पाहिलाय, आणि दर वेळी एका गोष्टीवर अडतो. कैदी पळून का जात नाहीत? तर जेलरच्या डोळ्यांमुळे. ते डोळे त्यांच्या मनात घर करून बसलेत. सुंदर आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की सगळी इमारत एका माणसाच्या चांगुलपणावर उभी आहे. आदिनाथ जेलर बदलून दुसरा आला तर? कैद्याच्या हातात काय आहे? कागद आहे का काही? हक्क आहे का? काहीच नाही. त्याला मिळालेली ती मेहेरबानी आहे. मोठ्या मनाने दिलेली, पण मेहेरबानीच. राजाने दिली, भारतानंदांनी मागितली, म्हणून मिळाली.

हे पहिलं उत्तर: विश्वास.

दुसरं उत्तर जरा आधीचं, आणि त्याची सावली या सगळ्या मुलखावर होती. १८७१ साली इंग्रजांनी एक कायदा केला. आपल्याकडे त्याला गुन्हेगार जमाती कायदा म्हणतात. त्याचा मथितार्थ असा: काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात. तुम्ही काय केलं हा प्रश्नच नाही, तुम्ही कोणाच्या पोटी आलात एवढं बघायचं. १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी आणि अशा कितीतरी समाजांवर शिक्का बसला. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड अख्खी वसाहतच, आजही जुने लोक तिला 'सेटलमेंट'च म्हणतात. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'त ही हजेरी आहे, वाचली नसेल तर वाचा.

हा कायदा म्हणजे आरोपीच्या हक्कांच्या बरोब्बर उलटं टोक. 'सिद्ध होईपर्यंत निर्दोष' असं आपण म्हणतो ना? इथे पाळण्यातलं पोर आरोपी. सिद्ध करायचं काही उरलेलंच नाही.

संस्थानातली माणसं या शिक्क्याकडे कशी बघत होती, याचे दोन नमुने सांगतो. एक कागदावरचा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५. औंध संस्थानातली धनगरवाडी, एकशिक्षकी शाळा, तालमीच्या उद्घाटनाला येणारे राजेसाहेब. त्यात आनंदा रामोशी आहे. बारीकसारीक चोऱ्या करणारा. पण वाडीने त्याला वाळीत टाकलेलं नाही, तो वाडीचाच आहे. पोलीस दप्तरात जो निव्वळ 'जात' म्हणून नोंदला गेला असता, तो इथे नाव आणि स्वभाव असलेला माणूस आहे. दुसरा नमुना किर्लोस्करवाडीचा. लक्ष्मणरावांना कारखान्यासाठी माळरान दिलं ते औंधच्या राजांनी, १९१० साली. त्या वसाहतीत रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. स्वतंत्रपूरच्या कितीतरी आधी. म्हणजे या मुलखात ही कल्पना अगदीच परकी नव्हती.

आता तिसरं उत्तर. यासाठी आटपाडी सोडून कुंडलला यायचं. तेही औंध संस्थानच, पण कृष्णाकाठचं वेगळंच जग.

१९४२ ची चळवळ देशभर थंडावली तेव्हा साताऱ्यात ती पेटली. १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. कुंडल हा त्याचा मोठा अड्डा. जी. डी. बापू लाड कुंडलचेच. ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची गाडी लुटली, १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याचा खजिना. मघाशी म्हटलं ना नकाशा लक्षात ठेवा? ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत मनाला येईल तसं घुसता येत नव्हतं. औंध दरबार भूमिगतांकडे कानाडोळा करायचा, म्हणून ब्रिटिशांची त्याच्यावर नाराजी. मजा बघा, ज्या राज्याची घटना गांधींच्या सल्ल्याने बनली, त्याच राज्यात बंदूकवाले भूमिगत आसरा घेत होते.

प्रतिसरकारची न्यायदान मंडळं होती. गावात बसायची, गावासमोर निवाडा करायची. सावकाराने गिळलेली जमीन, नवऱ्याने टाकलेली बाई, बांधाची भांडणं, दरोडे. आणि याचं मोल कमी लेखू नका. तेव्हा साताऱ्याच्या कोर्टात जायचं म्हणजे स्टॅम्प, वकिलाची फी, तारखांवर तारखा, आणि न कळणारी भाषा. इथे न्याय आपल्या बोलीत, फुकट, त्याच दिवशी. ज्या बाईचं गाऱ्हाणं कुणी कधी ऐकलं नव्हतं तिचं ऐकलं गेलं. चळवळीच्या नावावर लुटालूट करणाऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्तही या लोकांनीच केला. लोक अजून त्यांचं नाव आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे.

पण 'पत्री सरकार' हे नाव का पडलं? प्रतिसरकारचं बोलताना पत्री झालं, हे एक. दुसरं म्हणजे शिक्षा. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तशी गुन्हेगाराच्या पायाला ठोकतात अशी दहशत पसरली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तळपायांवर काठीचे फटके असत. दंड असे. आणि काही खबऱ्यांना, दरोडेखोरांना जिवानिशी संपवलंही गेलं.

आता मला तुम्हाला एका जागी उभं करायचंय. समजा, तुम्ही १९४४ साली कुंडलच्या आसपासच्या गावात आहात. गावातल्या कुणीतरी सांगितलं, की तुम्ही पोलिसांना बातमी दिली. तुम्ही दिलेली नाही. रात्री तुम्हाला मंडळासमोर उभं केलं. पकडणारे तेच, आरोप ठेवणारे तेच, न्याय देणारे तेच, शिक्षा अमलात आणणारे तेच. तुमच्या बाजूने बोलणार कोण? ज्याने नाव घेतलं त्याला उलट प्रश्न कोण विचारणार? अपील कुणाकडे?

युद्ध चालू होतं, घराघरात जप्त्या होत होत्या, खबऱ्यामुळे माणसं मरत होती. हे सगळं मान्य. तरी हा प्रश्न उरतोच. आणि गंमत अशी, की १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्ध सगळा देश उठला तो याच मुद्द्यावर. 'ना वकील, ना दलील, ना अपील' असा तो काळा कायदा, असंच तेव्हा म्हटलं गेलं.

तर तीन उत्तरं झाली. जन्मावरून ठरवा, विश्वास टाका, लोकांसमोर उभं करून लगेच निकाल लावा. तिन्ही एकमेकांपासून किती लांब! पण नीट बघा, तिघांनाही 'गुन्हेगार' आधीच सापडलेला आहे. इंग्रजी कायद्याला तो जातीत सापडला, प्रतिसरकारला गावाच्या साक्षीत सापडला, आणि फ्रीडमनला तर तो शिक्षा लागून तयारच मिळाला. ज्याच्यावर नुसता आळ आहे, अजून काहीच ठरलेलं नाही, तो माणूस या तिन्ही गोष्टींत कुठे आहे? नाही. आपल्या तुरुंगांच्या भाषेत दोन छान शब्द आहेत: पक्का कैदी आणि कच्चा कैदी. शिक्षा लागलेला तो पक्का, खटला चालू आहे तो कच्चा. औंधच्या इतिहासात पक्क्याची गोष्ट आहे. कच्च्याची नाही.

आणि इथे गांधीविचाराची एक बाजू बोलली पाहिजे. गांधी स्वतः बॅरिस्टर, पण १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी वकिलांना चांगलंच धारेवर धरलंय. वकील भांडणं वाढवतात, कोर्टं गुलामी पक्की करतात, असा सूर. गुन्हेगाराबद्दल अपार करुणा, पण आरोपीच्या वकिलाबद्दल अढी. आदर्श गावात माणसं एकमेकांना ओळखतात, खरं-खोटं सगळ्यांना माहीत असतं, मग वकील कशाला? औंधच्या घटनेतल्या 'गावातच न्याय' या कल्पनेत हाच भरवसा आहे.

आता त्या गावपंचायतीसमोर मांगवाड्यातला तरुण उभा करा. समोर बसलेले पंच कोण? ज्यांच्या विहिरीवर त्याला पाणी भरता येत नाही ते. त्यांना तो चांगलाच 'माहीत' आहे, हीच तर त्याची अडचण.

हे सगळ्यात स्पष्ट कुणाला दिसलं असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी गावाबद्दल जे कठोर शब्द वापरले त्यावरून आजही लोक वाद घालतात. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १५ सप्टेंबर १९४९ ची तारीख. त्याआधी काय झालं होतं? जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य प्रक्रिया' या अर्थाचे शब्द काढून टाकले गेले होते, आणि त्याजागी 'कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया' एवढंच राहिलं. म्हणजे कायदेमंडळाने उद्या कसाही कायदा केला तरी चालला असता. बाहेर टीका झाली. तेव्हा बाबासाहेबांनी भरपाई म्हणून एक नवं कलम आणलं. मसुद्यात १५-अ, आज आपण त्याला २२ वं कलम म्हणतो. अटक केली तर कारण सांगा. त्याला त्याच्या पसंतीच्या वकिलाला भेटू द्या. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा.

तीन साध्या गोष्टी. यात करुणा नाही, डोळ्यांत बघणं नाही, हृदयपरिवर्तन नाही. माणूस चांगला आहे की वाईट हे विचारलेलंच नाही. फ्रीडमनच्या वसाहतीपेक्षा हे फारच रुक्ष वाटतं, यावर सिनेमा निघणार नाही. पण जेलर बदलला तरी हे बदलत नाही, हा यातला फरक.

(त्याच २२ व्या कलमाच्या उत्तरार्धात खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याचीही सोय ठेवली आहे, हेही सांगायला हवं. जे स्वतः अशा कायद्यांखाली तुरुंगात बसून आले होते त्यांच्याच सभागृहाने ती ठेवली.)

मग पुढे काय झालं? संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई राज्यात विलीन झालं. राजेसाहेब १९५१ मध्ये गेले. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. 'विमुक्त' हा शब्द तिथून आला. पण १९५९ ला मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि शिक्का पुसला तरी पोलिसांच्या मनातली यादी काही पुसली नाही. नाना पाटील आधी शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, लोकसभेत निवडून गेले.

आता विचारसरणीबद्दल. अमेरिकेत या विषयाची एक ठळक रेघ आहे. १९६६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा खटल्यात सांगितलं, की चौकशीआधी आरोपीला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आहे हे पोलिसांनी सांगितलंच पाहिजे. (हॉलिवूडच्या प्रत्येक पोलीसपटात असतं ते.) दोन वर्षांत निक्सन 'कायदा आणि सुव्यवस्था' म्हणत निवडणूक जिंकला. तेव्हापासून ढोबळमानाने उदारमतवादी म्हणजे आरोपीच्या हक्काकडे झुकणारे आणि पुराणमतवादी म्हणजे पोलिसांकडे, अशी वाटणी.

आपल्याकडे ही रेघ ओढून बघा, जमतच नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनीच लिहिलं, कारण आपले पोलीस कबुली कशी मिळवतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो नियम मोडला कुणी? काँग्रेसच्या काळातल्या टाडाने. मग महाराष्ट्रात १९९९ च्या मोक्काने, युतीचं सरकार असताना. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली मोक्कात चालते. त्याच वर्षी सरकार बदललं, दुसरी आघाडी आली, मोक्का राहिला. आजही आहे. सत्तेत असताना कायदा हवासा वाटतो, विरोधात बसलं की त्यातला अन्याय दिसतो. पक्ष कुठलाही घ्या.

पुरोगाम्यांसाठीही हे सोपं नव्हतं. १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. त्याविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला: ताब्यातल्या बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ते धरून चालायचं. म्हणजे आरोपीच्या बाजूचा एक भार हलला, आणि तो हलवायला लावला डाव्या, स्त्रीवादी लोकांनी. मला स्वतःला तो बदल योग्य वाटतो. कारण तिथे ताकद आरोपीकडे होती, चावी त्याच्याच खिशात होती. पण तत्त्व म्हणून 'आरोपीचे हक्क' असं मोघम बोलणाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

आणि जनमत? २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. खटला अजून चालायचा होता. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. काही महिन्यांनी मॅजिस्ट्रेटच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलं, तेव्हा पेढे वाटणारे कुठे दिसले नाहीत. त्या लहान मुलींच्या पालकांचा संताप मी समजू शकतो. पण त्यांचाही खटला त्या गाडीत संपला: कुणाला काय माहीत होतं, कुणी काय लपवलं, हे आता त्या आरोपीच्या तोंडून कधीच येणार नाही.

परत आटपाडीला येऊ. स्वतंत्रपूर अजून आहे. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची ती खुली वसाहत आहे. जागा अगदी थोड्या कैद्यांपुरती, तिसाच्या आसपास. शिक्षा लागलेले, काही वर्षं बंद तुरुंगात चांगले वागलेले कैदी तिथे निवडून पाठवतात. कुटुंबाबरोबर राहतात, शेती करतात. देशात खुल्या तुरुंगांचं नाव निघालं की या जागेचा उल्लेख होतो, आणि व्हायलाच हवा.

पण तिथे जायला काय लागतं? गुन्हा सिद्ध व्हावा लागतो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे दर चारांतले तीन. यांच्यावर काहीही सिद्ध झालेलं नाही. यांना स्वतंत्रपूर नाही. यांना कोंबून भरलेली बराक आहे, आणि पुढची तारीख. पोलिसांचं मनुष्यबळ नाही म्हणून तारखेला कोर्टात नेलंच नाही, असंही होतं. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार नाही, पैसे नाहीत, म्हणून आतच, असेही किती. खून सिद्ध झालेला माणूस आपल्या लेकराला मांडीवर घेऊन ज्वारीची भाकरी खातो. मोबाईल चोरल्याचा संशय असलेला पोरगा आईला जाळीतून बघतो. पहिल्याचं काढून घ्या असं मी अजिबात म्हणत नाही. दुसऱ्याला निदान तेवढं तरी का नाही, एवढंच विचारतोय.

याचं कारण मला औंधातच दिसतं. दया करायला आपल्याला आवडतं. त्यात देणाऱ्याचा मोठेपणा दिसतो, गोष्ट तयार होते. हक्क द्यायचा म्हटलं की कपाळाला आठ्या. कारण हक्क न आवडणाऱ्या माणसालाही द्यावा लागतो, आणि तो नजर खाली घालून नाही, मान वर करून मागतो.

जाता जाता कामाचं सांगतो, कारण हे ऐकणाऱ्यांत कुणाचा भाऊ, कुणाचा मित्र आत असू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम बघा. आयुष्यातला पहिलाच गुन्हा असेल, आणि तो फाशी किंवा जन्मठेपेचा नसेल, तर त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढल्यावर बंधपत्रावर सोडायचं आहे. जुन्या खटल्यांनाही हे लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलंय. एकाहून जास्त खटले चालू असतील तर मात्र अडचण येते. हा अर्ज करायची जबाबदारी तुरुंगाच्या अधीक्षकावर आहे, पण घरच्यांनी विचारत राहिलं तर फाईल हलते. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० या नंबरवर फोन करा. तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, मग तो कुणीही असो. १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, होसकोट खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. तो आरोपी म्हणजे बनावट पदव्यांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला एक प्राध्यापक होता. कुणाला त्याचं काही कौतुक वाटावं असा माणूस नव्हता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्याचं अपील फेटाळलं, शिक्षा कायम ठेवली, आणि त्याच निकालात पुढच्या सगळ्या कैद्यांसाठी लिहून ठेवलं, की निकालपत्राची प्रत फुकट द्या आणि वकील द्या.

पुढच्या भागात मॉरिस फ्रीडमन. वॉर्सा ते औंध ते मुंबई. भेटू.